धुऱ्यावरचा शेवगा

क्रोशाच्या ग्रुपवर शेवग्याच्या शेंगांचं काय काम, असं पुण्याच्या ताईंनी मला फोन करून विचारलं. खरं सांगायचं तर मीही त्या शेंगांना वैतागले होते. पण ताई शेंगांवर थांबल्या नाहीत. 'धुरा' हा गप्पांचा कप्पाच बंद करू, म्हणाल्या. आणि धुरा बंद झाला तर बीबी गावच्या मावशी ग्रुपवर टिकणार नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

हे सगळं पहिल्यापासून सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी भाजीबाजाराची हकीकत सांगतेय.

मी जळगाव जामोदला औषधाचं दुकान चालवते. दुपारची गर्दी ओसरली की गल्ल्यामागं बसून क्रोशा विणते. कोणी आलं की सुई दोऱ्याच्या गुंड्यात खोचते, खोकल्याची बाटली देते, दिवसातून किती वेळा घ्यायची ते सांगते आणि परत सुई उचलते. रुमाल, तोरणं, बाळाच्या टोप्या असं काहीबाही चालू असतं. गावात माझ्या विणकामाचं कौतुक करणारे भरपूर आहेत, पण टाका चुकला तर तो नेमका कुठं चुकला हे सांगणारं कोणी नाही. म्हणून मी फोनवरच्या या ग्रुपात शिरले. तो ताईंनी काढलेला. ताई नोकरीतून निवृत्त झाल्यात, पुण्यात राहतात, आणि विणतात अशा की उलटी बाजू कुठली आणि सुलटी कुठली ते शोधावं लागतं. ग्रुपात सगळ्या महाराष्ट्रातल्या बायका आहेत, दोन-चार पुरुषही आहेत. थोड्याच महिन्यांत ताईंनी मलाही ॲडमिन केलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "तुम्हाला पसारा सहन होत नाही, ते दिसतंय."

पसारा खरंच सहन होत नाही. गोळ्यांची पट्टी तिच्या खणात नसली तर माझं डोकं फिरतं. घरातल्यांना दुकानातल्या रॅकला हात लावायची बंदी आहे. आणि ग्रुपवर तेव्हा नुसता पसारा होता. कोणी विचारायचं, बाळाच्या टोपीचा गोल वाढवायचा कसा. त्याखाली कोणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांची रांग, त्याखाली गुलाबावर दव पडलेलं 'शुभ सकाळ', त्याखाली आणखी एक 'शुभ सकाळ', आणि टोपीवाली बिचारी वर कुठंतरी एकटी. ताईंनी एकदा गोल गालिच्याची रीत पायरीपायरीनं लिहून टाकली होती. आठवड्यानंतर त्यांना स्वतःलाच ती सापडेना. त्या चिडल्या, आणि त्यांचं चिडणं शंभर टक्के बरोबर होतं.

मग आम्ही दोघींनी कप्पे पाडले. या ग्रुपात ती सोय आहे, एकाच घरात वेगवेगळ्या खोल्या असाव्यात तशी. टाक्यांच्या अडचणींसाठी एक कप्पा, त्याचं नाव 'टाके'. नमुन्यांसाठी वेगळा, दोरा-सुया कुठं मिळतात त्यासाठी वेगळा, झालेलं काम मिरवायला वेगळा. आणि ज्याचा विणकामाशी काही संबंध नाही त्याच्यासाठी एक.

या शेवटच्याला नाव काय द्यायचं यावर आमची बरीच खलबतं झाली. ताई म्हणाल्या, 'अवांतर'. मला तो शब्द शाळेच्या प्रगतिपुस्तकातला वाटतो. मी म्हटलं, 'धुरा' ठेवू. आमच्याकडं दोन वावरांच्या मधली जी पट्टी असते, तिला धुरा म्हणतात. तिथं पेरत नाहीत. निंदून निंदून कंबर मोडली की बाया धुऱ्यावर येऊन बसतात, भाकर सोडतात, सासूपासून सोन्याच्या भावापर्यंत सगळ्या गोठी तिथं होतात आणि मग उठून ज्या त्या आपल्या ओळीला लागतात. पिकात फतकल मारून कोणी गप्पा हाणत नाही. आणि कोणी धुरा मोडून पेरायला लागलं तर भाऊ भावाचं तोंड बघत नाही. ताईंना हे फार आवडलं आणि नाव पक्कं झालं.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नाही. वऱ्हाडाबाहेर धुरा म्हणजे बांध नव्हे. धुरा म्हणजे कारभार, जबाबदारी. पुण्या-नाशकाच्या, साताऱ्याच्या मंडळींना वाटलं, ग्रुपची धुरा सांभाळणारे इथं बसतात, आणि धुऱ्यावर धडाधड अर्ज यायला लागले. "माननीय ॲडमिन, नमुन्यांच्या कप्प्यात फोटो जात नाहीत, कृपया लक्ष घालावे." एका गृहस्थांनी ग्रुपचा कारभार कसा सुधारावा यावर लांबलचक निवेदन टाकलं, आणि त्या निवेदनाच्या बरोब्बर खाली बीबीच्या मावशींचा निरोप आला, "आज गवार केली. लई निबर निघाली."

गृहस्थांना तो आपल्या निवेदनावरचा शेरा वाटला. त्यांची समजूत घालता घालता माझा अख्खा दुपारचा वेळ गेला.

बीबी म्हणजे आमच्या जिल्ह्याचं पार दुसरं टोक. मी इकडं सातपुड्याच्या पायथ्याला, मावशी तिकडं लोणार तालुक्यात, जालन्याच्या हद्दीजवळ. जिल्हा एक पण बोली वेगळी. मी म्हणते 'करून राह्यली', त्या म्हणतात 'करायले'. आमची प्रत्यक्ष भेट कधी झालेली नाही. त्या अंगणवाडीत होत्या, आता निवृत्त. नवरा नाही, मुलगा आणि सून पुण्याकडं कंपनीत. फोनवरची अक्षरं बारीक आणि बोटं जाड, म्हणून त्या लिहीत नाहीत, फोनला बोलून दाखवतात आणि फोन लिहितो. फोनला त्यांची बोली जेवढी कळते तेवढंच लिहिणार. क्रोशात 'मुका खांब' नावाचा एक साधा टाका आहे. एकदा मावशी एका नव्या मुलीला समजावत होत्या आणि फोननं लिहिलं, "आधी मुका घे, मग पुढं जा." ग्रुप दिवसभर हसत होता. मावशीही हसल्या.

त्यांची खरी अडचण अशी, की त्यांच्या एकाच निरोपात सगळं असायचं. "ताई, सातव्या ओळीत कोपरा वळंना, आणि गिरणीवाल्यानं परत माझ्या शेवग्याची फांदी छाटली." आता हा निरोप कुठल्या कप्प्यात घालायचा, तुम्हीच सांगा.

तो शेवगा ग्रुपला तोंडपाठ झाला होता. मावशींचं घर पिठाच्या गिरणीमागं. शेवगा त्यांच्या दारात, पण फांद्या गिरणीच्या टिनाच्या छपरावर. वारा सुटला की शेंगा टिनावर आपटतात, गिरणीवाला आत दचकतो आणि बाहेर येऊन कुऱ्हाड काढतो. मावशी भांडतात. भांडण झालं की दुसऱ्या दिवशी त्याच्याच घरी शेंगांची जुडी पाठवतात, मग तो त्यांची ज्वारी रांगेतून आधी दळून देतो. पुढच्या वाऱ्याला पुन्हा कुऱ्हाड. ग्रुपात दोन तट पडले होते, काही मावशींचे, काही गिरणीवाल्याचे. सोलापूरच्या एकीनं शेंगांच्या आमटीची कृती दिली, तर कोकणातल्या एकीनं ती आमटी कशी चुकीची आहे ते सांगितलं. आणि हे सगळं धुऱ्यावर राहिलं असतं तर ठीक, पण ते वाहत वाहत 'टाके' मध्ये यायचं, कारण सुरुवात मावशींच्या कोपऱ्यापासून झालेली असायची.

ताई रोज ते उचलून धुऱ्यावर नेऊन टाकायच्या आणि खाली लिहायच्या, "मावशी, कृपया विषयाला धरून." मावशींचं उत्तर ठरलेलं, "हाव ताई." दुसऱ्या दिवशी पुन्हा शेवगा.

आमच्या ह्यांना तर करमणूकच झाली होती. एकदा माझ्या खांद्यावरून फोनात डोकावून म्हणाले, "तुह्या ग्रुपात शेंगांवरून दंगल पेटून राह्यली म्हन्ते! मंग चार शेंगा तरी मांगून घे."

तर अशा वेळी ताईंचा तो फोन आला. "मला कोणाला दुखवायचं नाही हो," त्या म्हणाल्या. "पण नवी माणसं येतात, शेवगा बघतात आणि निघून जातात. ज्यांना खरंच शिकायचंय ती जातात. धुरा ठेवला म्हणून गप्पांना परवानगी मिळाल्यासारखी झाली. तो कप्पाच काढून टाकू. ज्यांना गप्पा मारायच्यात त्यांनी स्वतःचा वेगळा ग्रुप काढावा."

मला राग आला आणि पटलंही, दोन्ही एकदम. "थोडे दिवस द्या मला," एवढंच म्हटलं.

मी मावशींना फोन लावला. म्हटलं, "मावशी, एक काम करजा. टाक्याचं असंल ते टाक्यात बोला, घरचं असंल ते धुऱ्यावर. एकाच निरोपात दोन्ही नका मिसळू. नाई तं ताई धुराच बंद करून राह्यल्या."

पलीकडं गिरणीची घरघर ऐकू येत होती. मावशींनी दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "बंद म्हणजे? मग मी बोलू कोणाशी, बाई? पोराचा फोन येतो, पण तो विचारतो, जेवलीस का. मी म्हणते, जेवले. संपलं. तुम्ही लोक निदान विचारता तरी, काय जेवले म्हणून."

त्या वाक्यानं मला फार वाईट वाटलं. धुरा म्हणजे आमच्यासाठी रिकाम्या वेळचा चिवडा होता. मावशींसाठी तो दिवसातला बोलायचा वेळ होता, आणि तोच आम्ही काढून घ्यायच्या गोष्टी करत होतो.

"म्हून तं सांगून राह्यली," मी म्हटलं. "वेगळं वेगळं टाका. मंग कोणी बंद नाई करत."

"करते तसं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी खरंच केलं. शाळेतल्या पोरीनं दुरेघी वहीत लिहावं तसं त्या आपलं बोलणं नीट वेगळं करायला लागल्या. टाक्याचा प्रश्न आला की तेवढाच, सुटसुटीत, 'टाके' मध्ये. मग धुऱ्यावर जाऊन शेवगा, गिरणी, गवार. ताई खूश झाल्या. धुरा तूर्त राहिला. सल्ला माझा होता आणि तो चुकीचा नव्हता, आजही कोणी विचारलं तर मी तोच देईन.

त्यानंतरची ती दुपार.

बाजाराचा दिवस होता. सकाळपासून दुकानात खेड्यापाड्यातून आलेल्यांची गर्दी, कोणाला गुडघ्याचं मलम, कोणाला शुगरच्या गोळ्या. जेवणवेळेनंतर जरा उसंत मिळाली तेव्हा मी फोन उघडला. 'टाके' मध्ये मावशींचा निरोप होता, "सकाळपासून हात ढिला पडायलाय. टाके सुटायलेत. काय करावं?"

इथं एक सांगितलं पाहिजे. विणणाऱ्यांच्या बोलण्यात 'हात' म्हणजे नुसता हात नसतो. दोरा डाव्या बोटावर किती ताणून धरायचा, ती सवय म्हणजे हात. एखादीचा हात घट्ट, एखादीचा सैल. माझा स्वतःचा हात घट्ट आहे, माझे रुमाल पुठ्ठ्यासारखे होतात. 'हात ढिला पडतोय' ही तर आमच्याकडं रोजची तक्रार, आणि तिच्यावरचे उपायही ठरलेले. ते सगळे तिथं हजर होते. एकीनं लिहिलं होतं, सुई एक नंबर बारीक घ्या. दुसरीनं, दोरा बोटाला आणखी एक वेढा द्या. तिसरीनं वेढा कसा द्यायचा त्याचा फोटो टाकला होता. आणि शेवटी ताई, "शाबास मावशी! योग्य प्रश्न, योग्य ठिकाणी."

मी पण वाचलं आणि मनात म्हटलं, चला, लागलं वळण. एका गिऱ्हाइकाला पट्टी कापून दिली. मग सवयीनं धुरा उघडला.

धुऱ्यावर मावशींचे सकाळपासूनचे दोन निरोप होते. पहिला असा, "चहाचा पेला हातातून पडला आज. जीभ भाजल्यावाणी जड लागायली." त्याखाली कोणीतरी हसण्याची चिन्हं टाकून विचारलं होतं, पेला स्टीलचा होता की काचेचा. दुसरा निरोप बऱ्याच वेळानं आलेला. त्यात काही अर्थच लागत नव्हता. "गिरण झोका पाल बाई पाल लाव," असलं काहीतरी. त्यावरही हसणं होतं. मावशींच्या फोननं आज काय दिवे लावले बघा, असं एकीनं लिहिलं होतं.

त्यांच्या फोनला त्यांची बोली कळायची नाही, हे खरं. पण इतकी कधीच नाही. मी परत 'टाके' उघडलं, परत धुरा उघडला. इकडं हात, तिकडं पेला, जीभ आणि तो न कळणारा निरोप. चारही गोष्टी एका ओळीत ठेवल्या तर औषधाच्या दुकानात बसणाऱ्या कोणालाही कळावं, हा दोऱ्याचा हात नाही. हा लकवा आहे. मावशींनी सगळं सांगितलं होतं. फक्त आम्ही सांगितल्याप्रमाणं नीट दोन जागी सांगितलं होतं.

मी फोन लावला. त्यांनी उचलला, पण पलीकडून शब्द येईना, नुसता एक ओढलेला आवाज. मुलाचा नंबर माझ्याकडं नव्हता. इथून बीबी म्हणजे बसनं अर्धा दिवस. मी दुकानातल्या गिऱ्हाइकांना हातानंच थांबा म्हटलं आणि चिखलीच्या आमच्या होलसेलवाल्याला फोन केला, कारण त्याचा माल सगळ्या जिल्ह्यात जातो. त्यानं बीबीतल्या एका औषधाच्या दुकानाचा नंबर दिला.

तिथल्या माणसाला मी मावशींचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "ताई, ह्या नावाच्या गावात चार बाया निघतील. आडनाव काय, गल्ली कोणती?"

गल्ली मला काय माहीत! मी ओरडलेच, "पिठाच्या गिरणीच्या मागं! ज्यांच्या शेंगा टिनावर पडतात, आणि गिरणीवाला फांद्या तोडते, त्या!"

"आस्सं म्हणा की!" तो म्हणाला. "शेवग्याच्या मावशी. ह्या काय, हाकेवर तर हायेत. मीच जातो."

पुढचं मला त्याच्याकडूनच कळलं. मावशी दारात, उंबऱ्याला टेकून बसल्या होत्या, तोंड एका बाजूला ओढलेलं, मांडीवर अर्धा रुमाल. ॲम्ब्युलन्सला फोन केला होता, पण गिरणीवाला तिची वाट बघायला तयार नव्हता. त्यानं पट्टा बंद केला, दळणाला बसलेल्या बायांना घरी पिटाळलं आणि पिठानं पांढऱ्या झालेल्या कपड्यांनिशीच मावशींना आपल्या गाडीत घालून जालन्याला नेलं. मोठ्या दवाखान्यात लगेच उपचार सुरू झाले. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हात गेलाच असता, कदाचित माणूसही.

संध्याकाळी ही बातमी मी ग्रुपवर टाकायला घेतली तेव्हा माझाच अंगठा अडला. कुठल्या कप्प्यात टाकू? रडू आलं, आणि त्याच वेळी स्वतःचा संतापही आला. मग सगळ्या कप्प्यांत टाकली. माझ्या हातून तो नियम पहिल्यांदाच मोडला गेला, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

थोड्या वेळानं ताईंचा फोन आला. आधी त्यांनी मावशींची तब्येत विचारली. मग म्हणाल्या, "मी शाबास म्हटलं हो त्यांना." ताईंच्या जागी दुसरं कोणी असतं तरी तेच म्हटलं असतं. प्रश्न योग्यच होता आणि ठिकाणही योग्यच होतं, आणि हेच तर मला आतून खात होतं.

त्यानंतर ग्रुपवर एक लाट आली. कप्पेच नकोत, सगळं एकत्र करा, माणुसकी महत्त्वाची, वगैरे. बोलणाऱ्यांत त्या पेला-स्टीलचा-की-काचेचा विचारणाऱ्या बाई सगळ्यात पुढं होत्या. मी त्या दिवशी जरा तडकूनच लिहिलं. सगळं एकत्र असतं तर मावशींचा निरोप दोन 'शुभ सकाळ' खाली गाडला गेला असता आणि मला तो दिसलाही नसता. दुकानात मी औषधं रॅकमधून काढून ढीग करून ठेवली तर माझी माणुसकी वाढेल का? रॅक राहणार. पण रॅक बघून मी कोणाला औषध देत नाही. पट्टी खणातून निघते, आणि ती कोणाला द्यायची, द्यायची की नाही, हे गल्ल्यावर कळतं. तिथं माणूस नुसती चिठ्ठी पुढं करत नाही. तो म्हणतो, आज ऊन फार आहे, लेकीकडं जाऊन आलो, तेव्हापासून डोकं गरगरतंय. यातलं ऊन आणि लेक अवांतर, गरगरणं तेवढं विषयाला धरून, असं म्हणून कसं चालेल? मला चिठ्ठीपेक्षा कितीतरी वेळा त्या उन्हानंच जास्त सांगितलंय.

म्हणजे कप्पे माणसांसाठी करायचे आणि माणसांचे करायचे नाहीत, असं काहीतरी मला म्हणायचं होतं. नीट म्हणता आलं नाही. ताईंना ते कळलं असावं, कारण त्यांनी दोनच गोष्टी केल्या. धुरा तळाला होता, तो उचलून सगळ्यात वर आणला. आणि आमच्यापैकी एकीनं रोज दोन्हीकडचं वाचायचं असं ठरवलं, नुसतं हलवण्यासाठी नाही, माणूस ओळखण्यासाठी. धुऱ्यावर काय चाललंय हे ज्याला माहीत नाही त्यानं 'टाके' मध्ये कारभार करू नये, हे ताईंचं वाक्य. धुरा म्हणजे कारभार असं समजणारे ते गृहस्थ शेवटी तितकेसे चुकले नव्हते म्हणायचे. त्यांना मी हे कळवलंही. त्यांनी लगेच नवं निवेदन टाकलं.

मावशी दवाखान्यातून मुलाकडं गेल्या आणि काही महिने ग्रुपवर आल्याच नाहीत. मला त्यांची आठवण यायची. धुऱ्यावर बाकीच्या बोलायच्या, पण गवार निबर निघाली हे सांगणारं कोणी नव्हतं. शेंगांचा हंगाम आला तेव्हा बीबीच्या त्या औषधवाल्यानं मला एक फोटो पाठवला. शेवगा लगडलेला होता आणि एकही फांदी तोडलेली नव्हती. गिरणीवाला म्हणतो, मावशी आल्या की त्याच सांगतील कुठली तोडायची ते, असं त्यानं खाली लिहिलं होतं.

मग एका सकाळी 'टाके' मध्ये एक फोटो आला. तोच अर्धा रुमाल, आता पुरा होत आलेला. आधीच्या ओळी सरळ, मध्ये एक पट्टा झोळीसारखा लोंबलेला, त्या दिवसाचा. त्यापुढं नव्या ओळी, वेड्यावाकड्या पण धरून चाललेल्या. खाली मावशींचा निरोप होता आणि फोननं तो बिनचूक लिहिला होता, "घरी आले. डावा हात अजून ढिला हाय. सुई बारीक घेऊ का?"

मी उत्तर लिहायच्या आतच ताईंचं आलं. त्यात सुईचं नाव नव्हतं. "मावशी, आधी सांगा, चहाचा पेला नीट धरता येतो ना? जेवण कोण करतं? आज काय जेवलात?"

मावशींचं उत्तर आलं, "ताई, हे धुऱ्यावर विचारा. इथं टाक्याचं बोला."

आणि ताईंनी धुऱ्यावर जाऊन विचारलं.